पेटीशी खोटे बोलायचे नाही

लॉर्ना कुबिचेकने आपल्या मुलीकडून एकच वचन घेतले होते. चार जुलैला गावाची पुरलेली पेटी उघडेपर्यंत थांबायचे. त्यानंतर जायचे की राहायचे, ते तिचे तिने ठरवावे. टेस बावीस वर्षांची होती. दूर पश्चिमेकडील बॉयसी शहरात पुलांची आखणी करणाऱ्या एका कचेरीने तिला नोकरी देऊ केली होती आणि उत्तर शुक्रवारपर्यंत हवे होते. पेटी बुधवारी उघडणार होती. पेटीतले कागद वाचले गेले की मुलीचे मन आपोआप राहण्याकडे वळेल, असे लॉर्नाला वाटत होते. त्यात नवल नव्हते. ज्यांच्या शब्दावर ती पेटी जमिनीत ठेवली गेली, त्यांच्याच शब्दावर लॉर्नाने आपले आयुष्य या गावात काढले होते.

ते म्हणजे वेंडेल अॅमंडसन सर. पेरिन लँडिंगच्या शाळेत त्यांनी चौतीस वर्षे भूगोल शिकवला. आमचे गाव नदीकाठचे. धान्याच्या उंच कोठ्या, शिंपल्यांच्या गुंड्या करणारा जुना कारखाना आणि धक्क्यावरून मका भरून दक्षिणेकडे जाणारे पडाव, एवढाच त्याचा संसार. परंतु सर फळ्यावरील नकाशावर बोट ठेवून बोलू लागले की नदीसुद्धा त्यांना विचारूनच वळली असावी, असे वाटे. त्यांचा आवाज संथ होता, शब्द मोजके होते, आणि त्यांनी कधी कोणाला चुकीचा रस्ता दाखवल्याचे कोणी ऐकले नव्हते. बापाने मारलेली मुले त्यांच्या ओसरीवर जाऊन बसत. लग्न ठरले की लोक आधी चर्चमध्ये सांगत आणि मग सरांना.

गावाच्या विकास समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आपोआप चालत आले. त्या वेळी गावाची वस्ती एकतीस हजार होती. पंचवीस वर्षांत ती दोन लाख होईल, असे सरांनी सांगितले आणि गावाने ते गणिताच्या उत्तरासारखे स्वीकारले. नवा महामार्ग येणार, नदीवर दुसरा पूल होणार, मागोमाग विद्यापीठ येणार. त्या भरवशावर नगरपालिकेने उत्तरेकडे चार मैल पाण्याचे नळ टाकले आणि सत्ताविसाव्या रस्त्यापर्यंत आगीच्या बंबांसाठी लाल रंगाचे नळखांब उभे केले. रस्ते झाले नाहीत, घरे झाली नाहीत. नळखांब मात्र अजून आहेत. जून सरेपर्यंत त्यांची लाल डोकी दिसतात, मग मका त्यांना गिळतो, आणि ऑक्टोबरात कापणी झाली की ते पुन्हा जमिनीतून वर आल्यासारखे उभे राहतात.

पेटी पुरली ती एकोणीसशे शहात्तर साली, देशाच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे झाली तेव्हा. त्या वर्षी गावोगावी अशा पेट्या पुरल्या गेल्या. कोणी त्यांत वर्तमानपत्रे ठेवली, कोणी लग्नातले हातमोजे. आमच्या पेटीत सरांच्या सूचनेने एक स्पर्धाही ठेवली गेली. देशातली कोणती तीन लहान शहरे पंचवीस वर्षांत मोठी होतील आणि आपल्या गावाचे काय होईल, हे प्रत्येकाने लिहून लिफाफा बंद करायचा. ज्याचे अनुमान सत्याच्या सर्वांत जवळ जाईल, त्याला मानाची खूण म्हणून गावाची चावी मिळायची. ही चावी लाकडाची, हातभर लांब, सोनेरी रंग दिलेली. ती लॉर्नाच्या वडिलांनी घडवली होती. ते सुतार होते.

लिफाफा टाकण्यापूर्वी प्रत्येकाने पेटीच्या झाकणावर हात ठेवून शपथ घ्यायची, हाही सरांचाच नियम. "माणसांना बरं वाटावं म्हणून आपण पुष्कळ काही बोलतो," ते त्या दिवशी न्यायालयाच्या पायऱ्यांवर उभे राहून म्हणाले होते. "पेटीला बरं वाटायची गरज नाही. पेटीशी खोटं बोलायचं नाही."

मी तेव्हा औषधांचे दुकान चालवीत होतो. माझाही हात त्या झाकणावर पडला. मी पहिले नाव पेरिन लँडिंगचेच लिहिले आणि ते मनापासून लिहिले.

लॉर्ना त्या वर्षी तेवीस वर्षांची होती. नकाशे काढावेत तर तिनेच, असा तिचा हात. रॅले शहरातील एका नकाशा-कचेरीने तिला बोलावले होते. तिने निळ्या रंगाची बॅगही आणली होती. सर एका संध्याकाळी तिच्या ओसरीवर गेले आणि तासभर बसले. ते काय बोलले, हे तिने पुढे इतक्या वेळा सांगितले की आम्हा सर्वांनाच ते पाठ झाले. "दुसऱ्याच्या शहराचे नकाशे काय काढतेस, पोरी? इथे अख्खं शहर जन्माला यायचंय. त्याचा पहिला नकाशा तुझ्या हातचा असू दे."

बॅग माळ्यावर गेली. लॉर्नाने सहा फूट लांबीचा नकाशा काढला आणि त्याखाली लिहिले, 'पेरिन लँडिंग, सन २००१'. त्यात दोन पूल होते, विद्यापीठ होते, ट्रामचा मार्ग होता, आणि सत्ताविसाव्या रस्त्याच्या टोकाशी कारंजे असलेले उद्यान होते. तो नकाशा वाचनालयाच्या भिंतीवर लागला आणि त्याच वाचनालयात लॉर्नाला काम मिळाले. पुढे तिचे लग्न झाले, टेस झाली, पती अल्पवयात वारला. महामार्ग शेजारच्या परगण्यातून गेला. गुंड्यांचा कारखाना बंद पडला. दरवर्षी सर म्हणत, "उशीर झालाय, नकार नाही आलेला," आणि लॉर्ना नकाशावरची धूळ पुसत असे.

पेटी उघडायच्या आठ दिवस आधी सर वाचनालयात आले. त्र्याऐंशीव्या वर्षीही ते टाय बांधल्याशिवाय घराबाहेर पडत नसत. मी वर्तमानपत्र वाचीत खिडकीशी बसलो होतो.

"लॉर्ना, लिफाफे तूच वाचणार आहेस, म्हणून एक विनंती आहे," ते म्हणाले. "पेटीतला माझा लिफाफा तेवढा बाजूला काढून ठेवशील? न उघडता."

"का बरं, सर?"

"अक्षर फार वाईट आहे गं."

लॉर्ना हसली. "चौतीस वर्षं फळ्यावर तुमचं अक्षर वाचलंय सगळ्या गावानं. आणि नियम कोणी केला? प्रत्येक लिफाफा मोठ्यानं वाचायचा, हा तुमचाच नियम."

"नियम म्हाताऱ्यांसाठी थोडा वाकवता येतो."

"तुम्हीच आम्हाला वाकवू दिला नाहीत कधी. बघा, चावी तुम्हालाच मिळणार. लाजताय झालं."

सर काही क्षण त्या भिंतीवरील नकाशाकडे पाहत राहिले. "लाजतोय, हे खरं," ते म्हणाले आणि गेले. आम्हा दोघांनाही तो त्यांचा विनय वाटला.

त्याच संध्याकाळी टेस त्यांच्या ओसरीवर बसलेली मला माझ्या घरातून दिसली. मी त्यांच्या समोरच राहतो. लॉर्नानेच तिला पाठवले होते. नंतर टेस रस्ता ओलांडून माझ्याकडे आली, पायरीवर बसली आणि म्हणाली, "काका, सर म्हणाले, दुसऱ्याच्या गावचे पूल काय बांधतेस, इथला दुसरा पूल अजून व्हायचाय."

"मग? तुला काय वाटलं?"

"छान वाटलं. तेच तर वाईट आहे. ते बोलतात तेव्हा पूल दिसायला लागतो. घरी गेले की नदीच दिसते नुसती."

चार जुलैला न्यायालयासमोरच्या हिरवळीवर घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. बँडवाल्यांनी दोन गाणी वाजवली, अग्निशामक दलाच्या लोकांनी मक्याची कणसे उकडली, आणि नगराध्यक्ष बड झेलेनी यांनी पेटीची कुलुपे कापली. बडचे लोखंडी सामानाचे दुकान आहे; करवत त्याने स्वतःच चालवली. सर पहिल्या रांगेत मधोमध बसले होते. त्यांच्या मांडीवर कोणीतरी लहानसा ध्वज ठेवला होता.

लिफाफे एकसष्ट निघाले. लॉर्ना ते एकेक उघडून ध्वनिक्षेपकासमोर वाचू लागली. बहुतेकांनी पहिले नाव आमच्याच गावाचे लिहिले होते. प्रत्येक वेळी लोक टाळ्या वाजवीत आणि मागाहून कसनुसे हसत. खाटीक ड्वेन पोकोर्नीने लिहिले होते, 'जिथे माझी सासू राहत नाही, ते कोणतेही शहर वाढेल.'

"ड्वेन, तुझी सासू तर इथंच होती!" मागून कोणीतरी ओरडले.

"म्हणून तर बघ ना गावाचं काय झालं!" ड्वेन म्हणाला. त्याच्या बायकोने त्याच्या पाठीत कणीस हाणले.

माझाही कागद वाचला गेला. आपलीच जुनी श्रद्धा दुसऱ्याच्या आवाजात ऐकताना मान खाली घालावी लागते, हे मला त्या दिवशी कळले.

अठ्ठावन्नावा लिफाफा सरांचा होता. लॉर्नाने नाव उच्चारताच लोक उभे राहिले. टाळ्या थांबेपर्यंत ती थांबली, चष्मा नीट केला आणि त्याच प्रसन्न स्वरात वाचू लागली.

'तीन शहरे : रॅले, ऑस्टिन, बॉयसी. माणसे आता नदीच्या आणि रेल्वेच्या मागे जाणार नाहीत. जिथे शिक्षणातून काम निर्माण होते आणि हिवाळा सौम्य असतो किंवा डोंगर जवळ असतात, तिथे जातील. ही तिन्ही शहरे आज लहान आहेत. ती मोठी होतील.'

लोकांमध्ये कुजबुज झाली. टेस खुर्चीत ताठ बसली. लॉर्नाची नजर पुढच्या ओळीवर गेली आणि तिचा आवाज किंचित खाली आला. परंतु ती वाचीत राहिली.

'पेरिन लँडिंग वाढणार नाही. महामार्ग इथून जाणार नाही, हे मला राजधानीतून गेल्या मार्चमध्येच कळले आहे. पंचवीस वर्षांनी वस्ती चोवीस हजारांच्या आत असेल.'

त्याच वसंतात नवी जनगणना प्रसिद्ध झाली होती. आमचा आकडा तेवीस हजार आठशे होता. तो प्रत्येकाला ठाऊक होता.

"सर थट्टा करतायत," बड झेलेनी मोठ्याने म्हणाला. "सर, तेव्हापासूनच खोडकर होतात म्हणायचे तुम्ही!"

कोणी हसले नाही. सर लॉर्नाकडे पाहत होते. त्यांनी मांडीवरचा ध्वज उचलून शेजारच्या खुर्चीवर ठेवला.

"लॉर्ना," ते म्हणाले, "तेवढं पुरे."

"नियम आहे, सर," ती म्हणाली आणि उरलेले वाचले.

'हे मी गावाला सांगणार नाही. सांगितले तर हुशार मुले आधी जातील आणि उरलेली त्यांच्या मागे. काहींना थांबवावे लागेल. लॉर्नाला मी काल थांबवले. तिच्या हातचा नकाशा भिंतीवर असेल, तोवर लोक धीर धरतील. माझ्या आर्नेला मात्र मी सप्टेंबरात रॅलेला पाठवीत आहे. शपथ घेतली आहे, म्हणून लिहिले. वेंडेल अॅमंडसन.'

सरांचा मुलगा आर्ने त्या वर्षी गेला, हे आम्हा सर्वांना आठवत होते. तो शिकायला गेला आणि शिकून परत येईल, असे सरांनी सांगितले होते. नंतर त्याने तिथेच घर घेतले, तेव्हा सर म्हणाले होते, "पोरांना बाहेरचं वेड असतं." आम्हाला त्यांची दया आली होती. लॉर्ना तर त्या आठवड्यात दररोज त्यांच्यासाठी सूप करून नेत असे.

उरलेले तीन लिफाफे तिने वाचले. त्यांत काय होते, ते कोणाला सांगता येणार नाही. मग तिने सोनेरी चावी उचलली आणि पायऱ्या उतरून खाली आली. ध्वनिक्षेपक मागे राहिला होता. पण हिरवळीवर इतकी शांतता होती की प्रत्येक शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

"तुम्ही जिंकलात, सर."

"मला ती नको."

"मलाही नको. पण नियम आहे." तिने चावी त्यांच्या मांडीवर ठेवली. "तुम्हाला माहीत होतं."

"अंदाज होता."

"अंदाज मुलाला सांगितलात. मला आशा सांगितलीत."

सरांचे ओठ हलले. आयुष्यभर प्रश्नाचे उत्तर देत आलेला तो मनुष्य एवढा वेळ शब्द शोधताना आम्ही कधी पाहिला नव्हता. "तू गेली असतीस तर गाव दहा वर्षांत संपलं असतं," ते म्हणाले. "तुझ्यामुळे शाळा टिकली, वाचनालय टिकलं. गाव उभं आहे ते तुमच्यासारख्यांमुळे."

"मग गावासाठी आर्ने का नाही थांबला?"

"आर्ने..." ते थांबले. "आर्ने माझा होता."

"आणि मी?"

लॉर्ना उत्तराची वाट पाहत उभी राहिली. शिक्षकाने विद्यार्थ्यापुढे उभे राहावे तसे ते दृश्य होते, फक्त जागा उलटल्या होत्या. मग ती वळली.

"आठ दिवसांपूर्वी माझ्या पोरीलाही तेच सांगितलंत," ती पाठमोरीच म्हणाली. "शब्दसुद्धा बदलले नाहीत हो. निदान तिच्यासाठी नवे शब्द तरी काढायचे."

लोक पांगले. दुपारच्या शर्यती झाल्या नाहीत. उकडलेली कणसे तशीच पातेल्यात राहिली, आणि बडने ती संध्याकाळी आपल्या डुकरांना घातली. न्यायालयाच्या दाराशी ड्वेन पोकोर्नी बायकोला हळूच म्हणत होता, "माझा भाऊ टेक्सासला निघाला होता. मी अडवलं त्याला. सरांनी सांगितलं म्हणून अडवलं." त्याचा भाऊ गुंड्यांच्या कारखान्यात होता, कारखाना बंद पडल्यावर तो फार दिवस जगला नाही.

मी लॉर्नाबरोबर वाचनालयात गेलो. तिला शिडी धरायला कोणी हवे होते. तिने तो सहा फुटी नकाशा भिंतीवरून उतरवला. मागे भिंत जुन्या रंगाची, पंचवीस वर्षांपूर्वीसारखी पिवळी निघाली. टेस दारात उभी होती. आईचा चेहरा पाहून तिचा स्वतःचा चेहरा बदलला होता.

"आई, मी नाही जात," ती म्हणाली. "तुला अशी सोडून नाही जायची. बॉयसीला नाही म्हणून कळवते."

लॉर्ना शिडीवर होती. आठ दिवस, किंबहुना बावीस वर्षे, तिला हेच ऐकायचे होते, आणि आता ते न मागता हाती आले होते. ती केवळ गप्प राहिली तरी पुरे होते. मी शिडी धरून होतो. ती एक पायरी खाली उतरली.

"मला तू इथंच हवी आहेस," ती अखेर म्हणाली. "रोज सकाळी हवी आहेस. हे खरं आहे. आणि या गावात दुसरा पूल कधीही होणार नाही. हेही खरंच आहे. दोन्ही ऐक आणि मग ठरव. मी फक्त पहिलंच सांगितलं असतं ना, तर माझ्यात आणि त्यांच्यात काय फरक?"

टेस रडू लागली. "तू जा म्हणतेस की राहा?"

"मी काहीच म्हणत नाही. मला म्हणायची सवय नाही, ऐकायचीच आहे," लॉर्ना म्हणाली आणि सरांचा कागद वाचल्यापासून प्रथमच हसली, ते हसणे पाहवले नाही. "निळी बॅग माळ्यावर आहे. कड्या गंजल्या असतील. तेल घालावं लागेल."

टेसने शुक्रवारची वाट पाहिली नाही. गुरुवारी सकाळी तिने होकार कळवला.

परंतु माझ्या मनात राहिली आहे ती बुधवारची संध्याकाळ. ध्वज सूर्यास्तापूर्वी उतरवायचा आणि जमिनीला न टेकवता त्रिकोणी घडी करायची, ही आमच्याकडची रीत. ती नीट करायला दोन माणसे लागतात. सरांच्या ओसरीवरचा मोठा ध्वज उतरवायला आर्ने गेल्यापासून दर चार जुलैला लॉर्ना जात असे. एक टोक ते धरीत, दुसरे ती. घडी झाली की ते दोघे लिंबाचे सरबत पीत.

त्या संध्याकाळी सर बाहेर आले. टाय तसाच होता. त्यांनी दोरी सोडली, ध्वज छातीशी धरला, एक टोक मुठीत घेतले आणि रस्त्याकडे पाहत उभे राहिले. काही वेळाने लॉर्नाची गाडी आली. टेस तिच्या शेजारी बसली होती. गाडी ओसरीसमोर मंदावली. सरांनी मोकळे टोक थोडे पुढे केले. मग गाडीने वेग घेतला आणि ती वळणापलीकडे गेली.

सूर्य नदीपार बुडाला. सरांचा हात अजून पुढे होता. ध्वजाचे एक टोक जमिनीला लागले, ते त्यांनी उचलले, पुन्हा लागले. त्यांना मीही गुरू मानले होते. त्यांच्याच शब्दावर मी माझे दुकान विकले नव्हते. मधला रस्ता वीस पावलांचाही नव्हता, आणि माझे दोन्ही हात रिकामे होते.

मीही गेलो नाही.